पुष्पा सेफ होती

मदनमहल, जबलपूर
दि. ६ जानेवारी २०२५

ती. स्व. भय्यासाहेब यांस,
प्रमोदिनीचा कृ. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्हाला नवल वाटलं नसेल. तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत त्याला आठवडा झाला, आणि अप्पांनी आपणा भावंडांना घालून दिलेला घरचा नियम तुम्ही विसरणारे नाही. अबोला धरायची मुभा सगळ्यांना, पण अबोला धरला की लिहायचं. तेही टपालाने, तिकीट लावून, मायना आणि नमस्कार यथासांग. टपालात पत्र दोन-तीन दिवस पडून राहतं आणि तेवढ्यात राग निवतो, असं अप्पांचं म्हणणं. दीक्षितपुरा ते मदनमहल स्कूटरवर पाव तासाचा रस्ता, आणि साठी उलटलेली मी नि सत्तरीचे तुम्ही ओमतीच्या पेटीत पत्रं टाकत बसणार. चलो, टाकू.

मुद्दा पुन्हा नीट लिहिते, कारण त्या दिवशी तुम्ही अर्ध्यातच चपला घातल्यात. आपल्या जिल्हा बेसबॉल मंडळाचा सेक्रेटरी श्रीकांत गेल्या वर्षी अमेरिकेत कूपर्सटाउन नावाच्या गावी गेला होता. तिथे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचं गौरव दालन आहे, एकेकाचा चेहरा ब्रॉंझच्या पाटीवर कोरलेला. ते पाहिल्यापासून श्रीकांतच्या डोक्याने घेतलं की आपल्या मैदानावरही गौरवभिंत पाहिजे, आणि आपल्याकडे ब्रॉंझ नसलं तरी भेडाघाटचा संगमरवर आहे. पहिल्या वर्षी दोनच खेळाडू निवडले. त्यातली एक मी. हे ऐकून तुम्ही श्रीकांतला दुसरा पेढा दिलात, मी पाहिलं.

पुढे त्याने सांगितलं की तिथल्या रीतीप्रमाणे चेहऱ्यावर टोपी असते आणि टोपीवर संघाचं चिन्ह. कोणत्या संघाचं कोरायचं, असं त्याने विचारलं. मी रेल्वे म्हणाले. तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात.

भय्यासाहेब, कारखान्याच्या वसाहतीच्या संघात तुम्ही मला घडवलंत हे मी कधी नाकारलं? तेरा वर्षांची होते तेव्हा तुम्हीच मला मास्क बांधून होमच्या मागे कॅचर म्हणून बसवलंत. पण रेल्वेने खेळावर नोकरी दिली, त्याच टोपीत मी देशभर खेळले, त्याच टोपीत जिंकले. ती नाही तर कोणती घालू?

आणि खरं कारण टोपी नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. खरं कारण सत्त्याऐंशीची फायनल. रेल्वे विरुद्ध कारखाना, शेवटचा डाव. तुमच्या संघातली पुष्पा धाव पुरी करायला थर्ड बेसवरून होमकडे धावत आली, तिचा पाय पोचायच्या आत मी तिला चेंडू लावला, पंचांनी तिला आउट दिलं. हरला तो तुमचा संघ आणि हरवणारी तुमचीच बहीण. तेव्हापासून दर दिवाळीला तुम्ही फराळाबरोबर ती फायनल वाढता.

अनावरण तेवीस फेब्रुवारीच्या रविवारी आहे. खेळाडूला ज्याने शिकवलं त्यानेच पडदा बाजूला करायचा, असं मंडळाने ठरवलंय. तुम्ही आला नाहीत तर मी दुसऱ्या कुणालाही त्या पडद्याला हात लावू देणार नाही. ही धमकी नाही. तुमच्याशिवाय तो सोहळा मला नकोसा वाटतो, एवढंच.

प्रतिमावहिनींना नमस्कार. राग वाढला तरी लोभ घटू देऊ नये, ही विनंती. पुष्पा आउट होती.

तुमची,
प्रमोदिनी


दीक्षितपुरा, जबलपूर
दि. १० जानेवारी २०२५

चि. सौ. प्रमोदिनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तिकीट तिरपं लागलं आहे, पण मायना बरोबर आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

मी जन्मभर कारखान्यात गेज हातात घेऊन माल तपासला. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवला, मग समोर साहेब असो की सोयरा. त्याच डोळ्यांनी मी पुष्पाचा पाय पाहिला. तो आधी टेकला होता. पंचांच्या निर्णयाला मी तेव्हा मैदानावर मान दिला, घरात मान द्यावा असा नियम अप्पांनीही केलेला नाही.

आता टोपीचं. रेल्वेने तुला नोकरी दिली, मान्य. पण रेल्वेने तयार कॅचर उचलली. तुझा पहिला मास्क मी ओमतीच्या वेल्डरकडे दिवसभर बसून करून घेतला होता आणि आतल्या गादीसाठी आईने माझा चांगला कोट उसवला, हे रेल्वेला ठाऊक आहे का? चेंडू अंगावर आला की तू डोळे मिटायचीस. ती सवय घालवायला अंगणात मी तुझ्यावर लिंबं फेकली, आणि त्या वर्षी आपल्याकडे लोणचं झालं नाही. माझ्या बहिणीचा चेहरा दगडात कायमचा बसणार आणि त्यावर मला हरवणारी टोपी असणार. त्यावरचा पडदा मी माझ्या हाताने सारायचा, असं तुझं म्हणणं. मला ते जमणार नाही. तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. त्या भिंतीपुढे उभं राहून माझा चेहरा मला आवरता येणार नाही, आणि तिथे फोटो काढणारे असतील.

रेल्वेची टोपी असेल तर मी येणार नाही. आमचे मेहुणे विष्णुराव यांनी गुडघ्याला तेल लावलं का ते विचारतो आहे, त्यांच्याशी माझा अबोला नाही.

आशीर्वाद आहेत आणि राहतील, ते टोपी पाहून दिले जात नाहीत. पुष्पा सेफ होती.

तुझा,
भय्यासाहेब


मदनमहल, जबलपूर
दि. १५ जानेवारी २०२५

चि. सौ. मेघनास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझ्याशी माझा अबोला नाही, त्यामुळे तिकिटाची सक्ती नाही. पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवते आहे. फोनच करता आला असता, पण तुझी सकाळ ती माझी निजायची वेळ, आणि भांडणाची हकीकत निवांत बसून लिहिण्यात जी मजा आहे ती घाईत बोलण्यात नाही. तुझ्या बाबांनी तुला अर्धी सांगितलीच असेल, स्वतःची अर्धी.

काल संक्रांत झाली. प्रतिमावहिनी तिळगूळ घेऊन आल्या आणि दारातच हसत सुटल्या. तुझ्या बाबांचा निरोप होता की तिळगूळ घे. एवढाच. पुढचं गोड बोलायचं त्यांनी वगळलं, कारण अबोला चालू आहे आणि ते नियमाने वागणारे. मीही गुळाच्या पोळ्या दिल्या आणि निरोप दिला की खा. वहिनी म्हणाल्या की तुम्ही दोघं काहून लहान मुलांसारखं करून राहिले, आणि मग बसून दोन पोळ्या इथेच खाऊन गेल्या.

इकडे पाटीचं काम भेडाघाटच्या गौतमकडे दिलं आहे. चांगला मूर्तिकार, पण आजवर त्याने नर्मदामैया आणि महादेव सोडून कुणी घडवलं नाही. परवा तो मऊ दगडातला नमुना घेऊन आला. डोळे कानापर्यंत, ओठांवर मंद हसू, कानात कुंडलं आणि टोपीचा झालेला मुकुट. मैयाचं वाहन असलेली मगर तेवढी खाली नव्हती. तुझ्या आतोबांनी चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं की आरती किती वाजता. ती मूर्ती नर्मदेवर ग्वारीघाटावर नेऊन ठेवली असती तर संध्याकाळपर्यंत तिच्यापुढे नारळांचा ढीग झाला असता. गौतम बिचारा ओशाळला. मी त्याला सांगितलं की कुंडलं काढ, डोळे निम्मे कर आणि नाक माझं आहे तसंच राहू दे, ते एकदा चेंडूने वाकलं आहे. ते सगळं त्याने कबूल केलं. पण पक्का दगड घ्यायच्या आधी टोपीवर काय कोरायचं ते त्याला महिनाअखेरपर्यंत हवं आहे.

पुष्पाला विचारून पाहिलं. तीच ती, फायनलमध्ये होमवर आलेली पुष्पा, आता मंडळावर आहे. पण तिचा भरवसा नाही. दीक्षितपुऱ्यात वहिनींच्या हातचं जेवली की ती सेफ असते आणि माझ्याकडे जेवली की आउट.

मेघू, हसून लिहिते आहे खरी, पण जीव लागत नाही. तुझ्या बाबांशिवाय त्या भिंतीसमोर उभं राहायचं म्हटलं की पाय जड होतात. त्यांच्यासाठी रेल्वेची टोपी काढून ठेवायची म्हटलं तर कटनीहून, इटारसीहून माझ्या जुन्या मैत्रिणींचे फोन येऊन राहिले की आपली टोपी भिंतीवर चढणार, आम्ही सगळ्या येऊ. तुझे आतोबा स्वतः रेल्वेतले, तरी म्हणतात की हवी ती घाल. पण ते बोलताना त्यांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. दोन्ही बाजूंनी माझीच माणसं आहेत आणि टोपीला कपाळ एकच.

तू तिथून दीड तासावर राहतेस ना, तर एकदा त्या कूपर्सटाउनला जाऊन ये. ज्यांनी हे टोपीचं खूळ काढलं ते असं झालं की काय करतात, ते पाहून कळव. थंडीत कानाला बांधून जा.

आत्यावर लोभ आहेच, तो असाच उपयोगी पडू दे.

तुझी,
आत्या


ऑल्बनी
दि. २० जानेवारी २०२५

ती. स्व. सौ. आत्यास,
मेघनाचा शि. सा. न.

काल जाऊन आले. कानाला बांधून गेले, तरी कान बधिर झाले. गाव इवलंसं, तळं गोठलेलं, आणि मुख्य रस्त्यावर एकाआड एक दुकान बॅटींचं नाही तर टोप्यांचं. ग्वारीघाटावर जशी फुलं आणि पूजेचं सामान मांडलेलं असतं, तसं तिथे बेसबॉलचं.

दालन लांबलचक आहे आणि आत कुणी मोठ्याने बोलत नाही. मी शिरताना सवयीने बूट काढायला वाकले, मग आजूबाजूला पाहून सरळ झाले. भिंतींवर ओळीने ब्रॉंझचे चेहरे. लोक आपापल्या खेळाडूपुढे जाऊन उभे राहतात. एक आजोबा एका पाटीपुढे टोपी छातीशी धरून इतका वेळ उभे होते की मी दोन चकरा मारून आले तरी तिथेच. त्यांना कुणी घाई करत नव्हतं. बाबा इथे असते तर त्यांनीही असंच केलं असतं, फक्त नंतर पाटी तिरपी बसली आहे का ते पाहिलं असतं.

आता तुझ्या कामाचं. तिथल्या बाईंना मी विचारलं. त्यांनी सांगितलं की पूर्वी खेळाडूला विचारत, आता खेळाडूशी बोलून शेवटचा निर्णय संग्रहालयच देतं, कारण टोपीवरून तिथेही कमी भांडणं झालेली नाहीत. काही चेहऱ्यांच्या टोपीवर काहीच नाही, कोरी टोपी. दोन संघांतून एक निवडवेना अशांनी ते मागून घेतलेलं. मी त्या पाट्या शोधून पाहिल्या. छान दिसतात, कुणाचं काही कमी वाटत नाही. तर मग आत्या, कोरी टोपी का नाही? मी बाबांनाही हेच लिहिलं आहे. एकच मजकूर दोघांना, म्हणजे मी फितूर असं कुणी म्हणायला नको.

आणखी एक गंमत. एवढ्या शेकडो पुरुषांत बाई फक्त एक आहे, आणि तीही खेळाडू नाही, एका संघाची मालकीण. मी त्या बाईंना सांगितलं की आमच्या जबलपूरला पहिल्याच वर्षी एक बाई भिंतीवर चढते आहे, आणि ती स्वतः खेळलेली आहे, कॅचर होती, आणि माझी आत्या आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पटकन टोप्यांच्या दुकानात गेले.

आतोबांना नमस्कार. तू आणि बाबा भांडता तरी एकमेकांना पत्र लिहिता. इथे लोक न भांडताही लिहीत नाहीत. माझ्यावर माया ठेव आणि बाबांवरही थोडी.

तुझी,
मेघना


दीक्षितपुरा, जबलपूर
दि. २४ जानेवारी २०२५

चि. सौ. मेघनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या आईने फोनवर मोठं करून दाखवलं. एवढ्या थंडीत गेलीस, आनंद वाटला. कोरी टोपी मात्र मला पसंत नाही. दोन्ही घरी जेवायचं आणि एकाचंही नाव घ्यायचं नाही, हे पुष्पाला शोभतं. तुझी आत्या दोन्ही संघांसाठी हाडं मोडून खेळली आहे. तिच्या टोपीवर काहीच नाही, हे खोटं होईल. पाहा, रागात असूनही मी तिची बाजू घेतो आहे.

तू त्या टोपी छातीशी धरलेल्या गृहस्थांबद्दल लिहिलंस. ते वाचून आज सकाळी मी फिरायच्या निमित्ताने मैदानावर गेलो. भिंत तयार आहे, प्लास्टर ठीक आहे, डाव्या कोपऱ्यात जरा पोकळ वाजतं, ते श्रीकांतला सांगितलं. जिथे प्रमोदिनीची पाटी लागणार तिथे खडूने चौकोन आखला आहे. मी त्या चौकोनापुढे उभा राहिलो. तेवीस तारखेला मी घरी असेन आणि त्यापुढे दुसरं कुणी असेल, हे मनात आलं आणि मला बसावंसं वाटलं. तुझ्या आईला हे सांगू नकोस, ती डॉक्टरकडे नेईल.

मैदानात मुलींचा सराव चालला होता. होमच्या मागे एक पोरगी बसली होती, हात चांगला होता तिचा, पण टोपी सरळ घालून वर मास्क चढवलेला. दर चेंडूला टोपीचं टोक मास्कवर आपटत होतं. माझ्याने राहवलं नाही. जाऊन तिची टोपी फिरवली आणि तिला समजावलं की बेटा, बाकीच्या मुलींनी टोपी उलटी घातली तर मी ओरडत असे, पण कॅचरची टोपी उलटीच असते, टोक मागे, म्हणजे मास्क कपाळाला नीट बसतो. माझ्या बहिणीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, असंही सांगितलं.

घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो आणि आता, अगदी या ओळीवर, माझ्या लक्षात आलं की मी महिनाभर कशावरून भांडत होतो. मेघना, तुझी आत्या मैदानावर सरळ टोपीत कधी उभीच राहिली नाही. कारखान्याची असो की रेल्वेची, तिच्या टोपीचं चिन्ह कायम पाठीमागे. मग दगडातच ते पुढे कसं येईल? कॅचर आहे तर कॅचरसारखी कोरा. टोपी उलटी. चिन्ह मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे. कोरं नाही आणि खोटंही नाही.

आता मी हे पत्र इथेच थांबवतो. तिला लिहायला हवं आणि टपालाची वेळ टळते आहे. तू फोनवरून तिला आधी सांगू नकोस, टपालाचा मान राहू दे. पेनाला घाई झाली तरी आशीर्वाद सावकाशीचेच आहेत.

तुझे,
बाबा


मदनमहल, जबलपूर
दि. ३० जानेवारी २०२५

ती. स्व. भय्यासाहेब यांस,
प्रमोदिनीचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. या वेळी तुमचंच तिकीट तिरपं होतं, घाईत लावलेलं दिसतं.

ते वाचून मी आधी कपाळावर हात मारला आणि मग पदर डोळ्यांना लावला. जिंदगी टोपी उलटी घालून काढली आणि मला स्वतःला हे सुचलं नाही. यांना वाचून दाखवलं तर यांनी विचारलं की हे भय्यासाहेबांना एकट्याला सुचलं का प्रतिमावहिनींनी सुचवलं. मी सांगितलं की टोपीच्या बाबतीत ते एकटे पुरेसे आहेत.

लगेच श्रीकांतला आणि गौतमला बोलावून घेतलं. श्रीकांतने आधी कूपर्सटाउनला असं चालतं का ते पाहावं लागेल म्हटलं. मी म्हटलं की कूपर्सटाउनला माझ्यासारखी एकही नाही, तेव्हा रीत आपणच पाडायची. गौतम मात्र फार खूश. टोपी उलटी घातली की तिच्या मागच्या पट्टीच्या वर जी अर्धगोल फट राहते ती कपाळावर येते, आणि त्यातून माझी टिकली दिसते. मास्कच्या आतही मी टिकली लावायचे, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही घामाने ओघळेल म्हणून ओरडायचात. गौतम म्हणाला की ती फट म्हणजे महादेवाच्या कपाळीची चंद्रकोर आहे, ती तर माझा हात झोपेतही कोरेल. एकदाची त्याच्या ओळखीची वस्तू निघाली.

मागच्या बाजूला कोणतं चिन्ह आहे, हे कुणी विचारलं तर मी रेल्वेचं सांगणार, हे आत्ताच कळवून ठेवते. तुम्ही तुमचं सांगा. दगड उलटून पाहायला कुणी येणार नाही.

आता माझी अडचण संपली आणि तुमची सबबही. तेवीसला दहा वाजता यायचं. बोलायचं की नाही ते तुमच्यावर, पण पडदा तुम्हीच सारायचा. एवढं मागणं मोठं नाही, लोभ मोठा आहे म्हणून मागते. पुष्पा आउट होती.

तुमची,
प्रमोदिनी


मदनमहल, जबलपूर
दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मेघनास,
आत्याचे अ. उ. आ.

फोटो तुला मिळालेच असतील. पण फोटोत जे दिसत नाही ते लिहिते.

तुझे बाबा नऊलाच हजर. अंगात कारखान्याचा जुना ब्लेझर, बटण लागत नव्हतं तरी लावलेलं. तुझ्या आतोबांनी रेल्वेचा टाय कपाटातून काढून बांधला होता. दोघं पहिल्या रांगेत, मध्ये खुर्ची मोकळी, त्या खुर्चीवर दोघांच्या मफलरी. मला पाहून बाबांनी मान हलवली. शब्द नाही. मीही नमस्कार केला आणि गप्प राहिले, नियम तो नियम.

आधी दुसऱ्या खेळाडूचा मान झाला, मग माझं नाव पुकारलं. तुझे बाबा उठले, पडद्याची दोरी हातात घेतली, आणि ओढायच्या आधी एकदा तपासून पाहिली की गाठ नीट आहे ना. मग ओढली. मेघू, गौतमने फार सुरेख केलं आहे. नाक वाकडंच ठेवलं आहे. उलटी टोपी, कपाळावर चंद्रकोरीत टिकली, आणि डोळे समोर, चेंडू येतो आहे तिकडे. तुझे बाबा त्यापुढे उभे राहिले ते हलेचनात. माईकवाला दोनदा खाकरला. त्यांनी ब्लेझरच्या खिशातून आपली टोपी काढली आणि छातीशी धरली. तू लिहिलेल्या त्या आजोबांसारखी. इतकी वर्षं माझं रडणं मास्कच्या आत होऊन जायचं, कुणाला पत्ता लागायचा नाही. काल मास्क नव्हता.

मग एकच गलका. कटनी-इटारसीच्या माझ्या मैत्रिणी तुझ्या आतोबांना विचारत होत्या की मागे आपलंच चिन्ह आहे ना, आणि ते छातीवर हात ठेवून सांगत होते की मी स्वतः पाहिलं. चार पावलांवर प्रतिमावहिनी वसाहतीतल्या बायकांना तितक्याच खात्रीने कारखान्याचं सांगत होत्या. गौतमला गाठलं तर त्याने हात जोडले आणि म्हणाला की मागे फक्त मैयाचा दगड आहे. कुणी विश्वास ठेवला नाही.

खरी मजा पुढे झाली. सरावाच्या मुलींनी हट्ट धरला की ती फायनल करून दाखवा. पुष्पाला कुणी सांगायचीच खोटी, तिने साडी खोचली आणि थर्ड बेसवर जाऊन उभी राहिली. मला खाली बसवेना, म्हणून मंडपातलं प्लास्टिकचं स्टूल आणून होमपाशी ठेवलं. पंच कोण, तर श्रीकांतने तुझ्या बाबांकडे बोट दाखवलं. ते येऊन माझ्या पाठीमागे उभे राहिले, जिथे पंच उभा राहतो तिथे. श्रीकांतने चेंडू टाकला तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा माझ्या हातात आला. तोवर पुष्पा एक गुडघा धरत, हसत, वाटेत एकदा थांबून पदर सावरत होमला पोचत होती. मी वाकून तिच्या घोट्याला चेंडू लावला, तिने होमवर पाय ठेवला, आणि सगळं मैदान तुझ्या बाबांकडे पाहू लागलं.

ते खाली वाकले. नीट पाहिलं, जसं गेज लावून पाहावं तसं. मग सरळ झाले, दोन्ही हात पसरले आणि खणखणीत आवाजात सेफ दिलं. जवळजवळ दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर त्यांच्या तोंडून माझ्यासमोर निघालेला पहिला शब्द तो. रेल्वेच्या बायकांनी हुर्यो केली, पुष्पाने होमवरच फुगडी घालायचा प्रयत्न केला. मी स्टुलावरच वळले आणि त्यांना म्हटलं की चश्म्याचा नंबर तपासून घ्या. तर मला म्हणतात की काहून एवढी चिडून राहिली, पंचाचा निर्णय आहे, मान द्यायचा. आणि मग मंडपात माझ्या द्रोणातली खव्याची जिलबी न विचारता उचलून खाल्ली. झालं, अबोला संपला.

घरी आल्यावर लक्षात आलं की आता त्यांचं पत्र यायचं नाही, आणि थोडी चुटपुट लागली. तुझ्यावर लोभ आहे तो आहेच, तुझ्या बाबांवर जरा कमी करावा म्हणते, निदान आजच्या दिवस.

तुझी,
आत्या


दीक्षितपुरा, जबलपूर
दि. २५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्रमोदिनीस,
अ. उ. आ.

बोलणं सुरू झालेलं असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. काल संध्याकाळी तू घरी येऊन गेलीस तेव्हाच सांगणार होतो, पण पुष्पा जेवायला बसली होती. तिच्यासमोर सांगण्यासारखं हे नाही, आणि फोनवर ती मागून ऐकते. तिकीट शिल्लक होतं, सरळ लावलं आहे.

सत्त्याऐंशी साली तो शेवटचा डाव चालला असताना मी कोच म्हणून थर्ड बेसपाशी उभा होतो. पुष्पाला पळ म्हणून मीच ओरडलो. तिथून होमकडे पाहिलं की समोर पळणाऱ्या मुलीची पाठ असते. मी जे पाहिलं ते तिची पाठ, उडालेली धूळ आणि पंचाचा हात. कॅचरच्या मागे उभं राहून ती जागा मी आजवर कधी पाहिली नव्हती. परवा पाहिली. स्टुलावर बसून, या वयात, तू डावा पाय तसाच आडवा टाकलास आणि चेंडू तसाच खाली नेलास, जसं मी तुला अंगणात शिकवलं होतं. पुष्पा वेगाने आली असती तरी तिचा पाय तुझा हात ओलांडून जाऊ शकला नसता. हे मला वाकल्यावर स्पष्ट दिसलं.

तरीही सेफ दिलं, त्याचं कारण ऐक. पुष्पालाही मीच शिकवलं. तिचा चेहरा भिंतीवर नाही आणि कधी असणारही नाही. तिच्याकडे त्या दिवसाची एकच गोष्ट आहे, की तिचे सर तिच्या बाजूचे आहेत. ती गुडघा धरून हसत होमपर्यंत आली, तिला आउट द्यायला माझा हात उचलेना. तुझ्याकडे दगड आहे, तिच्याकडे माझं सेफ राहू दे. माझी बहीण हे समजून घेईल अशी खात्री वाटली.

पाटी सरळ बसली आहे. मी काल पुन्हा जाऊन पाहिली. टिकली फार चांगली आली आहे. त्या पोरीने, ती सरावातली कॅचर, येता-जाता पाटीला हात लावायची सवय केली आहे, तिला मी रागावलो नाही.

हे पत्र वाचून ठेव आणि पुष्पाला दाखवू नकोस. लोभ अबोल्यातही होता, आता बोलण्यातही असेल. दर दिवाळीला मी फायनलबद्दल जे बोलतो ते मात्र पुढेही बोलणार, ते मनावर घेऊ नकोस.

पुष्पा आउट होती.

तुझा,
भय्यासाहेब